आजीच्या हाताला कोणता फोन?

पूर्वी ओपीडीत ‘जुने कागद आणलेत का?’ असे विचारले की पिशवीतून प्लास्टिकची फाइल निघायची. आता फोन निघतो. रक्ताचे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर असतात, एक्स-रेचा फोटो गॅलरीत असतो, आधीच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची नावे मुलीने पाठवलेल्या मेसेजमध्ये असतात. मागे रांग खोळंबलेली असते आणि समोरच्या आजींचे बोट पडद्यावर चाचपडत असते. ‘काल तर इथंच होतं डॉक्टर. पोरानं नवा फोन दिला आणि सगळं हरवलं,’ हे वाक्य मेघवाडी-मजासवाडीच्या चाळींतून येणाऱ्या आजी म्हणतात, तसेच ओशिवऱ्याच्या टॉवरमधले निवृत्त आजोबाही म्हणतात.

अँड्रॉइड चांगला की आयफोन, हा वाद तरुण मंडळी कॅमेरा, किंमत आणि ऐट यांवर घालतात. डॉक्टरला त्यात रस असण्याचे कारण वेगळे आहे. गोळीची आठवण, साखरेचा आकडा, केसपेपरची नोंदणी, रुग्णवाहिकेला फोन या सगळ्यांचा रस्ता आता या पडद्यावरून जातो. फोन हाताळता आला नाही की उपचार अडतात. म्हणून आज या दोन पद्धतींची तुलना रुग्णाच्या बाजूने करू.

दोन घराणी, दोन स्वभाव

फोन चालू केल्यावर जे दिसते, बोट लावल्यावर जे हलते, ते सगळे चालवणारी यंत्रणा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. ॲपलचा आयफोन २००७ मध्ये आला. अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन २००८ मध्ये आला. त्याआधीचे नोकियाचे सिम्बियन, ब्लॅकबेरी, नंतरचा विंडोज फोन असे बरेच जण मैदानात होते. आज दोनच उरले. भारतात शंभरातले नव्वदहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडचे आहेत.

आयफोनमध्ये यंत्र आणि यंत्रणा दोन्ही एकाच कंपनीची. बिल्डरने बांधून दिलेल्या फ्लॅटसारखे हे आहे: सगळ्या मजल्यांवर स्वयंपाकघर त्याच जागी आणि भिंत हलवायची मुभा नाही. अँड्रॉइड गुगलचे, पण ते अनेक कंपन्या घेतात आणि आपापल्या परीने सजवतात. हे चाळीतल्या खोल्यांसारखे आहे. माप सारखेच, पण मोरी कोणी इकडे बांधली, कोणी तिकडे. माळा कोणी काढला, कोणी ठेवला.

याचा रोजच्या वापरात अर्थ असा. आयफोनवाल्या आजींना पुण्याची भाची फोनवरून सांगू शकते, ‘आत्या, सेटिंग उघड, मग अमुक दाब,’ आणि दोघींना साधारण तेच दिसते. अँड्रॉइडमध्ये एका कंपनीच्या फोनवर जे ‘डिस्प्ले’मध्ये सापडते, ते दुसरीच्या फोनवर ‘ॲक्सेसिबिलिटी’त दडलेले असते. उलट, अँड्रॉइडमध्ये घर आपल्या सोयीने मांडता येते: पहिल्या पानावर मुलाचा, डॉक्टरांचा आणि रिक्षावाल्याचा नंबर मोठ्या चौकोनात ठेवता येतो, नको ती चित्रे काढून टाकता येतात. आयफोननेही अलीकडे यात बरीच ढील दिली आहे, पण मुळातला स्वभाव आखीवरेखीव आहे.

कटकटी दोन्हीकडे आहेत. स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये कंपनीने आधीच भरलेली ॲप आणि जाहिराती असतात; ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ अशी खोटी पाटी उघडली की ज्येष्ठांचा रक्तदाब वाढतो आणि बोट नको तिथे पडते. आयफोनमध्ये जाहिरातींचा हा त्रास कमी, पण ॲपल आयडीचा पासवर्ड विसरला की साधे ॲप घेणेही अडते. तो पासवर्ड बहुतेक वेळा परदेशातल्या मुलाने ठरवलेला असतो आणि त्यावेळी त्याच्याकडे मध्यरात्र असते.

बोट आणि काच

आजच्या पडद्याला दाब कळत नाही, वीज कळते. आपले शरीर विजेचे वाहक आहे. बोट काचेजवळ आले की तिथल्या विद्युतभारात बारीकसा फरक पडतो आणि फोन तो मोजतो. त्वचेत ओलावा असेल तर हे नीट होते. वय वाढले की त्वचा कोरडी होते. आयुष्यभर धुणीभांडी किंवा कारखान्यात काम केलेल्या बोटांची टोके घट्ट झालेली असतात. म्हणून आजी जोरात दाबतात. जोरात दाबले की बोट जास्त वेळ टेकते, फोनला वाटते ‘हे दाबून धरले आहे’ आणि तो वेगळेच काहीतरी उघडतो. ‘फोन माझं ऐकत नाही’ ही तक्रार शब्दशः खरी आहे.

दोन्ही पद्धतींत यावर उपाय आहे. अँड्रॉइडमध्ये ‘टच अँड होल्ड डिले’ वाढवता येतो, म्हणजे बोट थोडे जास्त टेकले तरी फोन गोंधळत नाही. आयफोनमध्ये ‘टच ॲकोमोडेशन्स’ आहे. त्यात बोट किती वेळ टेकल्यावर स्पर्श धरायचा आणि कंपामुळे लागोपाठ झालेले स्पर्श सोडून द्यायचे का, हे ठरवता येते. पार्किन्सनच्या रुग्णांना याचा चांगला उपयोग होतो. हातांना साधे क्रीम लावण्याचाही फायदा होतो.

दुसरा मुद्दा बटणाच्या आकाराचा. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवून दिले, की लक्ष्य जितके लहान आणि जितके दूर, तितका तिथे अचूक पोहोचायला हाताला वेळ जास्त लागतो. हाच नियम पडद्यालाही लागू पडतो. गुगल ॲप बनवणाऱ्यांना सांगते, की बोटाने दाबायची जागा साधारण ९ मिलिमीटरपेक्षा लहान नसावी. ॲपलचाही असाच नियम आहे. तरीही कित्येक ॲपमध्ये बंद करायची फुली मोहरीएवढी असते. हा दोष ॲप बनवणाऱ्याचा, पण शिव्या फोनला बसतात.

बोटाचे ठसे ही आणखी एक अडचण. कष्टाची कामे आणि वय यांनी बोटांवरच्या रेषा झिजतात. आधारच्या यंत्रावर अंगठा न उमटण्याचा अनुभव अनेकांना आहे. कॅपेसिटाबिन या कर्करोगावरच्या औषधाने तळहाताची त्वचा सोलवटून ठसे पुसट झाल्याचीही नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. अशा रुग्णांना चेहरा ओळखणारा फोन सोयीचा. मात्र आयफोन चेहरा ओळखताना डोळे उघडे आहेत आणि पडद्याकडे पाहत आहेत, हेही तपासतो. पापणी खाली आलेल्या किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काळा चष्मा लावलेल्या माणसाला तो दाद देत नाही. ही तपासणी सेटिंगमधून बंद करता येते. पण कोणीही फोन तोंडासमोर धरून उघडू शकेल, हे लक्षात घेऊनच ती बंद करावी.

डोळ्याचे गणित

चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग ताठ होत जाते आणि जवळचे दिसेनासे होते. मोतीबिंदू सुरू झाला की पांढऱ्या पडद्याचा उजेड डोळ्यात पसरतो. मधुमेहाने पडदा खराब झाला असेल तर अक्षरांचे तुकडे दिसतात. या तिघांना तीन वेगळी सेटिंग लागतात: पहिल्याला मोठे अक्षर, दुसऱ्याला काळ्यावर पांढरे, तिसऱ्याला मोठे करून दाखवणारे भिंग किंवा वाचून दाखवणारा आवाज. अँड्रॉइडचा ‘टॉकबॅक’ आणि आयफोनचा ‘व्हॉइसओव्हर’ पडद्यावरचे सगळे बोलून दाखवतात. दृष्टिहीन व्यक्ती वर्षानुवर्षे त्यांवर कामे करत आहेत.

अक्षर मोठे करण्याची सोय दोन्हीकडे आहे. अँड्रॉइडच्या २०२३ च्या आवृत्तीपासून ते दुपटीपर्यंत वाढवता येते. अडचण पुढे येते. अक्षर वाढले की काही ॲपमध्ये ‘पुढे जा’ हे बटणच पडद्याबाहेर जाते. ओटीपी आला, तो दिसलाही, पण टाकायचा कुठे ते दिसत नाही. म्हणून अक्षर एकदम शेवटच्या टोकाला नेऊ नये. एक-एक पायरी वाढवावी आणि दर पायरीला रोजची चार ॲप उघडून पाहावीत.

मराठीत बोलणारा फोन

या बाबतीत आपल्या शेजारीच मोलाचे काम झाले आहे. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पवईकडे निघालात की आयआयटीचे प्रवेशद्वार लागते. तिथल्या औद्योगिक संकल्पन केंद्रात, म्हणजे आयडीसीत, प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड तयार केला. क वर बोट ठेवले की भोवती का, कि, की, कु, कू अशी बाराखडीची पाकळी उघडते. हव्या त्या अक्षराकडे बोट सरकवायचे. ज्याला शाळेतली बाराखडी येते, त्याला टंकलेखन वेगळे शिकावे लागत नाही. अशा प्रयोगांना अँड्रॉइडवर पहिल्यापासून वाट मोकळी होती. आयफोनने बाहेरच्यांचे कीबोर्ड २०१४ पर्यंत येऊच दिले नव्हते.

आयआयटी मुंबईतूनच बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘इंडस ओएस’ ही भारतीय भाषांसाठी सजवलेली अँड्रॉइडची आवृत्ती काढली. २०१५ नंतर ती मायक्रोमॅक्ससारख्या स्वस्त फोनवर मिळत होती. आलेला इंग्रजी मेसेज बोटाने एका बाजूला सरकवला की तो आपल्या भाषेत दिसायचा. पुढे चिनी कंपन्यांच्या लाटेत भारतीय फोन कंपन्या मागे पडल्या आणि २०२२ मध्ये ही कंपनी फोनपेने विकत घेतली. पण इंग्रजी न येणारा ग्राहक हाच मुख्य ग्राहक आहे, ही त्यांची समजूत बरोबर होती.

आज अँड्रॉइडमध्ये मराठीत बोलून मजकूर उमटवता येतो. गुगलने ही सोय २०१७ मध्ये आणली. ज्यांचे बोट चालत नाही, त्यांच्यासाठी ही सर्वांत मोठी मदत आहे. आयफोनवर मराठी लिहिता-वाचता बऱ्याच वर्षांपासून येते, पण फोनचा संपूर्ण कारभार मराठीत करण्याच्या बाबतीत ॲपल खूप उशिरा जागे झाले. तरीही फोन मराठीत केला की सगळे सोपे होते, असे समजू नका. आपण तोंडाने ‘परवानगी’ म्हणतो, पडद्यावर ‘अनुमती’ येते. शिवाय घरातल्या नातवाला तोच फोन इंग्रजीत पाठ असतो आणि मराठीत त्याला काही सापडत नाही. ज्येष्ठांना विचारा, त्यांना जे जमते ते ठेवा.

गोळीची घंटा का वाजली नाही?

आता माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर भाग. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चुकते तेव्हा ‘फोनने आठवण केली नाही’ हे कारण आता वारंवार ऐकू येते. ते नेहमी खोटे नसते.

अँड्रॉइड फोन बनवणाऱ्या अनेक कंपन्या बॅटरी जास्त टिकावी म्हणून, न उघडलेली ॲप मागच्या मागे झोपवतात. गोळीची आठवण करणारे ॲप दिवसभर उघडले जात नाही, म्हणून तेच आधी झोपते. शिवाय एखादे ॲप काही महिने वापरले नाही की अँड्रॉइड त्याच्या परवानग्या काढून घेतो. हे सुरक्षेसाठी योग्य आहे, पण क्वचित लागणाऱ्या आरोग्याच्या ॲपला ते मारक ठरते. आयफोनमध्ये ॲप असे झोपवण्याचा त्रास कमी, पण तिथे ‘फोकस’ नावाची सोय आहे. एकदा ‘झोप’ किंवा ‘काम’ हा प्रकार सुरू झाला की बहुतेक ॲपच्या सूचना मुकाट बसतात. आजोबांनी तो कधी सुरू केला, हे त्यांनाही माहीत नसते.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. दंडावर लावायचे साखरेचे सेन्सर आता आपल्याकडेही वापरले जातात; साखर धोकादायक पातळीला उतरली की ते फोनवर घंटा देतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, फेब्रुवारी २०२५ मध्ये अशा रुग्णांना जाहीर सूचना दिली, की फोनच्या सेटिंगमुळे ही घंटा ऐकू न येण्याचा धोका आहे. कारणे साधी होती: यंत्रणा अद्ययावत झाल्यावर सेटिंग बदलणे, सूचना बंद असणे, आवाज नव्या ब्लूटूथ हेडफोनकडे किंवा गाडीच्या स्पीकरकडे जाणे, ॲप झोपी जाणे. सूचना दोन्ही पद्धतींच्या फोनला लागू होती. रात्री साखर ४० पर्यंत उतरली आणि फोन गप्प राहिला तर काय होऊ शकते, हे मधुमेहाच्या घरात सांगावे लागत नाही.

यावरचा साधा उपाय असा: गोळीसाठी वेगळे ॲप घेण्याऐवजी फोनच्या घड्याळातला नेहमीचा गजर लावा. गजराला नाव द्या: ‘रक्तदाबाची पांढरी गोळी, जेवणाआधी’. आयफोनचा गजर फोन सायलेंटवर असला तरी वाजतो. अँड्रॉइडचे ‘डू नॉट डिस्टर्ब’ही गजराला सहसा अडवत नाही, फक्त गजराचा आवाज वेगळा असतो, तो शून्यावर नाही ना, हे पाहा. ज्यांना सेन्सरचे ॲप वापरावेच लागते त्यांनी त्याला ‘बॅटरी अनरिस्ट्रिक्टेड’ करून घ्यावे, आयफोनवर ‘फोकस’मध्ये त्याला सूट द्यावी, आणि दर वेळी फोन अद्ययावत झाल्यावर घंटा एकदा वाजवून पाहावी.

कोविडने शिकवलेला धडा

यंत्रणेच्या स्वभावाचा आरोग्यावर किती परिणाम होतो, हे २०२० मध्ये साऱ्या जगाने पाहिले. शेजारी कोण बसले होते हे ब्लूटूथने नोंदवणारी ॲप देशोदेशी निघाली. आपले ‘आरोग्य सेतू’ त्या एप्रिलमध्ये अँड्रॉइड आणि आयफोनवर आले, मे महिन्यात जिओफोनवर आणि ज्यांच्याकडे साधाच फोन आहे त्यांच्यासाठी १९२१ या क्रमांकावरही. बटणांच्या फोनचा आणि लँडलाइनचा विचार झाला, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी.

ब्रिटनने आपले ॲप आइल ऑफ वाइट या बेटावर तपासले. आजूबाजूच्या अँड्रॉइड फोनपैकी ७५ टक्के त्याला सापडले, आयफोन मात्र फक्त ४ टक्के. कारण आयफोन पडद्यामागे गेलेल्या ॲपला ब्लूटूथ मोकळेपणाने वापरू देत नाही. ही अट मुळात लोकांच्या खासगीपणासाठी होती, पण साथीत तीच आडवी आली. शेवटी ॲपल आणि गुगल या प्रतिस्पर्ध्यांना एकत्र बसून समान सोय काढावी लागली आणि ब्रिटनने जुने ॲप सोडून दिले. खासगीपण जपणारी कडक शिस्त आणि काम करू देणारी मोकळीक यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न तेव्हा तात्पुरता सुटला. तो संपलेला नाही.

बंद फोन आणि बेशुद्ध माणूस

पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि लोकल रेल्वे यांच्या मधोमध असलेल्या आपल्या भागात अपघाताचे रुग्ण नवीन नाहीत. बेशुद्ध माणसाच्या खिशात फोन असतो, पण तो कुलूपबंद. नाव माहीत नाही, नातेवाईक माहीत नाहीत, तो रक्त पातळ करणारी गोळी घेतो का, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, काहीच कळत नाही. केसपेपरवर ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ५०’ असे लिहून उपचार सुरू होतात.

कुलूप न उघडता ही माहिती दिसावी, याची सोय दोन्ही फोनमध्ये आहे. आयफोनमध्ये २०१४ पासून ‘हेल्थ’ ॲपमध्ये ‘मेडिकल आयडी’ आहे. त्यात ‘शो व्हेन लॉक्ड’ चालू ठेवावे लागते. अँड्रॉइडमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’खाली आजार, औषधे, ॲलर्जी, रक्तगट आणि दोन नातेवाईकांचे नंबर भरता येतात. पडद्यावरच्या ‘इमर्जन्सी’ या शब्दावर बोट ठेवले की कोणालाही ते दिसते. ही तुलना बरोबरीत सुटते, कारण दोन्हीकडे बहुतेकांनी काहीच भरलेले नसते.

मदत मागण्याचे बटणही दोन्हीकडे आहे. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनला ते कायद्याने बंधनकारक आहे: स्मार्टफोनचे पॉवर बटण पटापट तीनदा दाबणे, साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरणे. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांत पाच वेळा दाबण्याचाही प्रकार आहे. याची दुसरी बाजूही आहे: २०२३ मध्ये ब्रिटनच्या पोलिसांकडे खिशातल्या अँड्रॉइड फोनवरून आपोआप लागलेल्या मूक फोनचा पूर आला होता. म्हणून आपल्या फोनवर हे बटण कसे चालते, ते आधी सेटिंगमध्ये वाचून घ्या आणि घरातल्यांना दाखवा. क्रमांक मात्र सगळ्यांनी पाठ करावेत: तातडीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

फोन बदलला की काय हरवते?

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त त्रास अँड्रॉइडने दिलेला नाही आणि आयफोनने दिलेला नाही. तो दिला आहे एकातून दुसऱ्यात केलेल्या उडीने.

याचे कारण मेंदूत आहे. १९५३ मध्ये अमेरिकेत एका तरुणाच्या मेंदूची फिट्ससाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्याची नवी आठवण साठवण्याची क्षमता गेली. वैद्यकशास्त्र त्याला एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखते. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. रोज तो म्हणायचा, हे मी पहिल्यांदाच करतोय. आणि रोज त्याचा हात अधिक सराईत होत गेला. घटना लक्षात ठेवणारी स्मृती वेगळी आणि हाताची सवय वेगळी, हे त्यातून कळले. विस्मरणाच्या आजारात पहिली स्मृती लवकर जाते, दुसरी बराच काळ टिकते. पंच्याहत्तर वर्षांच्या आजी व्हिडिओ कॉल लावतात तो या दुसऱ्या स्मृतीने: खालचे हिरवे चित्र, वरचा कॅमेरा, मुलाचा फोटो. त्यांना ‘मागे’ जायचे बटण डाव्या कोपऱ्यात हवे असते, कारण बोट तिथेच जाते. नवा फोन हातात आला की ती सवय निरुपयोगी होते आणि नवी बसवण्यासाठी लागणारी स्मृती तर थकलेली असते.

मुले प्रेमाने महागडा फोन पाठवतात. आई-वडील तो कपाटात ठेवतात, किंवा वापरतात तेव्हा फक्त आलेला फोन उचलतात. त्यांचे पेमेंट, रिपोर्ट, औषध मागवणे, भजने ऐकणे सगळे थांबते. बाहेरून ते गप्प-गप्प दिसतात आणि घरचे म्हणतात, ‘आईला हल्ली विसरायला होतंय.’ अशा वेळी मी स्मरणशक्तीच्या तपासणीबरोबर एक प्रश्न विचारते: ‘फोन कधी बदलला?’

शिवाय कागद हरवतात ते वेगळेच. व्हॉट्सॲपचा साठा अँड्रॉइडवर गुगलकडे आणि आयफोनवर ॲपलकडे जातो. एकाचा साठा दुसऱ्यात थेट उतरत नाही. तो नेण्याची वाट आहे, पण ती नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच धरावी लागते. चार वर्षांचे रिपोर्ट त्यात असतील तर ते आधी वेगळे साठवा. आयफोनने काढलेले फोटो एका नव्या प्रकारात साठतात, तो जुन्या संगणकांवर उघडत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडले की ही अडचण जाते. आणि वॉर्डात दाखल होताना आपल्या फोनची चार्जिंगची वायर सोबत ठेवा. २०२३ च्या आधीच्या आयफोनला वेगळी वायर लागते, ती शेजारच्या खाटेवर मिळेलच असे नाही.

मग कोणता घ्यावा?

हातात फोन आहे आणि तो जमतो आहे, तर तो बदलू नका. तो जुना झाला आणि बदलणे भागच असेल तर त्याच घराण्यातला, शक्यतो त्याच कंपनीचा घ्या. पहिल्यांदाच स्मार्टफोन घेत असाल तर ज्या घरातल्या माणसाला तुम्ही रोज प्रश्न विचारणार आहात, त्याच्याकडे जो आहे तोच घ्या. शिकवणारा जवळ असणे हे कोणत्याही यंत्रणेपेक्षा मोठे साधन आहे. मराठीत बोलून काम करायचे असेल, खर्च बेताचा असेल, तर अँड्रॉइड. नजर अधू असेल, फसव्या जाहिरातींची भीती असेल आणि पैसे परवडत असतील, तर आयफोन. हात फार थरथरत असेल तर बटणांचा फोनही उत्तम. बोटाला बटण लागते आणि दबल्याचे कळते, हे काचेला कधी जमत नाही. त्यात तीन नंबर साठवा आणि रिपोर्टची फाइल पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. कागदाची बॅटरी संपत नाही.

स्मार्टफोन बदलावाच लागला तर जुना फोन महिनाभर चालू ठेवा. पहिल्या आठवड्यात नव्या फोनवर एकच काम शिकवा: व्हिडिओ कॉल. दुसऱ्या आठवड्यात दुसरे. त्यांच्या हातातून फोन काढून घेऊन ‘हे बघ, असं असतं’ म्हणून पटापट करून दाखवू नका. बोट त्यांचेच फिरू द्या, तुम्ही फक्त सांगा. हाताची सवय हात फिरवूनच बसते.

या रविवारी अर्धा तास काढा

• आई-वडिलांच्या फोनमध्ये तातडीची माहिती भरा: आजार, औषधे, ॲलर्जी, दोन नंबर. फोन कुलूपबंद करून ती दिसते का, हे पाहा.

• अक्षर एक-दोन पायऱ्या वाढवा आणि रोजची ॲप उघडून बटणे दिसतात का, ते तपासा.

• बोट टेकण्याचा वेळ वाढवून पाहा. नंबर लावताना चुका कमी झाल्या तर तसाच ठेवा.

• गोळ्यांचे गजर घड्याळात लावा, नावांसकट. एक गजर समोर वाजवून दाखवा.

• रिपोर्टचे फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, त्याला ‘डॉक्टर’ असे नाव द्या आणि शेवटच्या तीन रिपोर्टची छापील प्रत काढा.

• नको असलेली ॲप काढा. अनोळखी लिंक, ‘फोन साफ करा’ अशा पाट्या आणि ओटीपी मागणारे फोन यांबद्दल एकदा शांतपणे बोला.

• ॲपल किंवा गुगल खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या कुलूपबंद कपाटात ठेवा. तो फक्त मुलाच्या डोक्यात असू नये.

पुढच्या वेळी ओपीडीत याल तेव्हा रांगेत असतानाच तो ‘डॉक्टर’ फोल्डर उघडून ठेवा. तुमची दोन मिनिटे वाचतील आणि ती मला तुमची छाती तपासायला मिळतील.